अण्णांना न आवडलेले तीन सेट

मी मराठीची बाई. रत्नागिरीत मुलींच्या शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवायचे, आणि सेट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कपबश्या यायच्या. त्या मला ऐंशीच्या दशकात वर्षभर बिनतारी संदेशाचे सेट बघत हिंडावं लागलं, हातखंब्यापासून जयगडपर्यंत. आजही कोणी विचारलं की मेगाहर्ट्झ म्हणजे काय, तर सरळ सांगेन, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं. तेव्हा फक्त ठाऊक असल्यासारखं तोंड करून बसायचे.

हे सगळं अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं त्यांनी तारघरात तारा घेतल्या नि पाठवल्या. रिटायर झाले आणि तीन वर्षांत काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. मी साडेदहाला शाळेत जायचे, सव्वापाचला परत यायचे, आणि मधला सगळा वेळ अण्णा पडवीतल्या खुर्चीत बसून असायचे. रेडिओ लावून दिला तर बंद करायचे. म्हणायचे, "तो एकटाच बोलतो. मला कुठे काय विचारतो?"

शेजारीपाजारी येऊन बसले तरी यांचं लक्ष नसायचं. नुसती बोटं चालायची खुर्चीच्या हातावर. टकटक, टकटक, दिवसभर टकटक. माझं डोकं उठायचं. "अण्णा, पुरे करा हो ते!" एकदा तर मी रागाने खुर्चीच्या हाताला जुन्या चादरीची गुंडाळी बांधून टाकली. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मला मेलीला तेव्हा काय माहीत, की घरात आम्ही जे बोलत होतो ते सगळं हे बसल्या बसल्या तारेने पाठवत होते. कोणाला? कोणालाच नाही.

मला ते कळलं कॉलेजातल्या सरांमुळे. हे सर आमच्याच आळीत राहायचे, पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि त्यांच्या अंगणात एका उंच बांबूवरून माडावर गेलेली एक तार होती. मला वाटायचं, कपडे वाळत घालायला एवढ्या उंच कशाला बांधलीय? तर ते हौशी रेडिओवाले निघाले. सरकारचा परवाना घेऊन घरच्या सेटवरून जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या, हा त्यांचा छंद. कोणाची तरी पत्रिका द्यायला ते आमच्याकडे आले होते. पडवीत उभे राहिले आणि अण्णांच्या बोटाकडे बघत बसले. बोट कधी नुसतं टेकत होतं, कधी दाबून राहत होतं. मग हसून म्हणाले, "काका, भात करपला म्हणताय होय?"

करपला होताच. मघाशीच मी स्वैपाकघरातून स्वतःवर ओरडले होते.

अण्णांचं बोट तिथल्या तिथे थांबलं. "तुम्हाला येतं?" त्यांनी विचारलं. असा आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता. मग दोघं तासभर बोलत बसले. जाताना सर मला म्हणाले, "बाई, काकांना परवाना मिळेल. परीक्षा असते, पण त्यातली लोकांना धडकी भरवणारी बाजू म्हणजे मोर्स. टिंब आणि रेघ. ती काकांची कोण घेणार? काकाच दुसऱ्यांची घेतील."

त्या दिवशी अण्णांनी दोनदा भात मागून घेतला. तोच, करपलेला.

मी ठरवूनच टाकलं. अण्णांना कोणीतरी काहीतरी विचारणारं मिळालं पाहिजे, आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं पाहिजे. बाकी मला काही नको होतं. अर्ज गेला. परीक्षेला वेळ होता, आणि परवान्याला तर त्याहून. सर म्हणाले, तोवर सेट बघून ठेवू, कारण तोही काही बाजारात टांगलेला नसतो. "कसा हवा?"

"सोपा."

"सोपा म्हणजे?"

"मी शाळेत असताना अण्णांना एकट्याला चाचपून चालवता येईल असा."

झालं. यावर सर जे सुटले! बँड किती हवेत, शक्ती किती वॅट, आवाज पाठवायचा की नुसतं मोर्स, घरी बांधलेला की परदेशी, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा की नाही. मी वहीत लिहून घेत होते. दोन पानं भरल्यावर मी म्हटलं, "सर, तो सुरू कुठून करायचा?" ते म्हणाले, "तेही सेटवर अवलंबून आहे." मला त्यांना खडूच फेकून मारावासा वाटला.

मी आपली माझी पद्धत काढली. वहीत रकाने आखले: बटणं हाताला कळतात का, चुकून दाबलं तर काय होतं, गरम होतो का, आवाज मोठा येतो का. प्रत्येकाला दहापैकी गुण. आणि परीक्षा घ्यायची ती डोळ्यांवर पदर बांधून.

पहिला सेट सरांचाच. ॲल्युमिनियमच्या डब्यात त्यांनी स्वतः बांधलेला. बटणं चारच. सुरू केल्यावर डाव्या अंगाला एक चापट मारावी लागायची. मी पदर बांधून बसले, बटण फिरवलं, आधी कोणीतरी अरबीत भांडत होतं, मग घरघर, मग एक बारीक शिट्टी लागली. ती तुटक तुटक. "हेच मोर्स!" सर ओरडले. मी डोळ्यांवरचा पदर न सोडताच टाळ्या वाजवल्या. सरांच्या घरची मंडळी दारात उभी राहून हसत होती, ते मला नंतर कळलं.

मग अण्णांच्या कानावर हेडफोन दिले. ते ऐकत राहिले. खूप वेळ. चेहरा अगदी दगडासारखा.

"काय म्हणतोय काका?" सरांनी विचारलं.

"काही विशेष नाही," अण्णा म्हणाले. "हवापाणी." आणि हेडफोन काढून ठेवले. घरी येताना म्हणाले, "तो नको. चापट मारायचा सेट काय? गाढव आहे का तो?"

ठीक आहे. पटलं मला. चापटीचे दोन गुण कापले.

दुसरा हातखंब्याला. हायवेलगत एक गॅरेज होतं, मालक लष्करातून निवृत्त होऊन आलेले सुभेदार. त्यांच्याकडे लष्कराने मोडीत काढलेला सेट होता, हिरवा, लोखंडी, दोघांनी उचलायचा. बटणं मोजता मोजता मी सतराला थांबले. पण प्रत्येक बटण असं खटकन बसायचं की आंधळाच काय, झोपलेला माणूसही चालवेल. मी पदर बांधून बसले, ट्रकवाले चहा सोडून बघायला आले, आणि मी दहापैकी आठ दिले. अण्णांनी हेडफोन घातले. पुन्हा तोच दगडी चेहरा.

"काय म्हणतोय?"

"हवापाणीच." मग जरा वेळाने, "ग्रीसचा वास येतो याला. घरात नको."

ग्रीसचा वास! गॅरेजात काय अत्तराचा वास येणार? पण मी जीभ चावली. सुभेदारांनी आम्हाला भजी खाऊ घातली होती, त्यांच्यासमोर कुठे बोलायचं.

तिसरा जयगडला. तिथले एक चाचा जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, आता खाडीकाठी घर बांधून राहिलेले. त्यांचा सेट जपानी. केवढासा! आणि पुढे काचेत हिरवे आकडे चमकत होते. सर तर लग्नात नवरी बघावी तसे बघत राहिले. "बाई, आकडे किती स्वच्छ दिसतात बघा!" मी म्हटलं, "सर, कोणाला?" ते ओशाळले. बटणं इवलीइवली, मऊ, दाबली की नाही तेच कळेना. माझ्याकडून दोनदा सगळंच बंद पडलं. पण आवाज? तो इतका स्वच्छ की त्या शिट्टीत जरादेखील खरखर नव्हती. मी आवाजाला दहापैकी दहा दिले आणि मनात म्हटलं, बटणांचं काय ते बघू, चिकटवू त्यावर चिंचोके.

अण्णांनी ऐकलं. चाचा प्रेमाने म्हणाले, "उतरवून घ्या अण्णा, सांगा आम्हाला काय चाललंय दुनियेत."

अण्णांनी हेडफोन काढले. "हवापाणी," म्हणाले. "बाय, निघूया. एसटी चुकेल."

एसटीला दीड तास होता. आम्ही तो थांब्यावर बसून काढला. आणि गाडीत बसल्यावर माझा तोल सुटला. "तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय? एक गाढव, एकाला वास, आता याला काय? लोक आपापली कामं टाकून तुमच्यासाठी धावतात, मी डोळे बांधून गावभर हसं करून घेते, आणि तुमचं आपलं नको, नको, नको!"

अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. दिसत काय होतं त्यांना? तरी तिकडेच तोंड. "मला काहीच नको," ते म्हणाले. "तू राहू दे ते सगळं. परीक्षाही नको."

मग आठ दिवस आमचा अबोला. माझी वही मी कपाटावर फेकली. पण डोकं गप्प बसेना. ज्या माणसाने सरांशी तासभर गप्पा मारल्या, त्याला एकाएकी झालं काय? वयाचा हट्ट? मी काही चुकीचं बोलले? की मला दया येते आहे असं त्यांना वाटलं? सरांनी सरावाला एक खोकं दिलं होतं, बटण दाबलं की शिट्टी वाजायची. मी तक्ता समोर ठेवून त्यावर अक्षरं वाजवायला शिकले होते, मध्यंतरी अण्णांसाठी वाजवलीही होती. तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते, "तुझा हात वाईट आहे." आता हात वाईट म्हणजे काय करायचं? हाताला काय फाशी द्यायची?

रविवारची दुपार होती. मी पडवीत सहामाहीचे पेपर तपासत होते. अण्णा खुर्चीत. त्यांना दिसेनासं झाल्यापासून त्यांची सुपारी मीच कातरून द्यायचे, ती अबोल्यातही चुकली नव्हती. सुपारी कातरून वाटीत टाकली आणि अडकित्ता हातातच राहिला. रिकामा उघडत होते, मिटत होते. मिटला की खट, उघडला की कट. डोक्यात राग धुमसत होताच. कधी सुरू केलं ते मलाही कळलं नाही, पण मी त्या अडकित्त्यावर इंग्रजी अक्षरं वाजवत होते. एच. ए. टी. टी. आय. हट्टी.

"हट्टी मी नाही, तू," अण्णा म्हणाले. "आणि दुसरा टी घाईने मारलास."

मी अडकित्ता धरून तशीच बसले. सहज! किती सहज! आणि हात तर माझाच होता, तोच वाईट हात. मी उठले, आतून ते शिट्टीचं खोकं आणलं आणि त्याच हाताने तेच वाजवलं. एच. ए. टी. टी. आय.

अण्णांनी कान खोक्याकडे वळवला.

"अण्णा?"

"परत वाजव."

मी परत वाजवलं. हळू वाजवलं. पहिलीतल्या मुलीला सांगावं तसं वाजवलं. त्यांनी मान पुढे काढली, कपाळावर आठ्या घातल्या, आणि मग मान खाली घातली.

"कळत नाही, बाय," ते म्हणाले. "काहीच कळत नाही. नुसतं कोणीतरी शिट्टी मारत घरभर फिरतंय असं वाटतं. सरांच्या घरी कळलं नाही, हातखंब्याला नाही, तिथे चाचांकडे तर नाहीच. चौतीस वर्षं. अख्ख्या जिल्ह्याची मयतं माझ्या कानांतून गेली, पोरं झालेली गेली, नोकऱ्या लागलेल्या गेल्या. आता कोणाला सांगू, की मला तार कळत नाही? डोळे गेले ते गेले. म्हटलं, आता हेही गेलं."

मला रडू आलं. आणि स्वतःचा इतका राग आला की सांगता सोय नाही. वर्षभर मी डोळे बांधून बटणं चाचपत होते. कानाचा प्रश्न असेल, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही.

मी तशीच चपला अडकवून सरांकडे गेले. त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाई, गाढव मी आहे. सेट नव्हे!" मग त्यांनी मला समजावलं, आणि वर्षभरात त्यांनी सांगितलेलं हे एवढं एकच मला समजलं. तारघरातल्या यंत्राला शिट्टी नसते. तिथे लोखंडाची पट्टी खाली आपटते आणि वर आपटते. खट आणि कट, या दोहोंमधलं अंतर कमी तर टिंब, जास्त तर रेघ. अण्णांचा कान चौतीस वर्षं ते ठोके आणि त्यांच्या मधली शांतता मोजत आला. सेटमधली शिट्टी म्हणजे त्यांना परकी भाषा. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तारमास्तर म्हटला की त्याला मोर्स येणारच. आणि तारमास्तरही तेच धरून चालले होते, म्हणून बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात सर आपला चापटीचा सेट घेऊन आमच्याकडे आले. पडवीच्या छपराला एक तार टांगली आणि सेटला एक छोटी जोडणी केली. शिट्टी आली की एक पट्टी खाली पडायची, थांबली की वर उडायची. आवाज मात्र फारच बारीक.

"डबा आणा," अण्णा म्हणाले. "रिकामा. पत्र्याचा."

मला वाटलं सुपारीला मागतायत. तर नाही. तारघरात म्हणे प्रत्येक जण आपल्या यंत्रामागे एक रिकामा डबा ठेवायचा. डब्यात ठोका घुमतो, आणि दहा यंत्रं वाजत असली तरी आपलं कुठलं ते डब्याच्या आवाजावरून कळतं. मी बिस्किटांचा डबा रिकामा करून दिला. अण्णांनी ती पट्टी डब्यात आडवी ठेवायला लावली, डबा दोन बोटांनी थोडा फिरवला, अजून थोडा फिरवला. सरांनी बटण फिरवलं.

डबा बोलायला लागला. खटकट, खट-कट, खटकट.

अण्णांचे ओठ हलायला लागले. मग मोठ्याने, हळूहळू, शब्द शब्द करत त्यांनी सांगायला सुरुवात केली. कोणीतरी कोणालातरी सांगत होता, की वाऱ्याने त्याची तार पडली, तो ती बांधायला झाडावर चढला आणि उतरता येईना, खाली उभी राहून बायको हसते आहे. अण्णा हसायला लागले. इतके हसले की खोकला लागला. मी पाणी आणायला आत गेले आणि तिथे जरा वेळ थांबले.

मग सेट कुठला घ्यायचा हा प्रश्न उरलाच नाही. सरांनी तसाच दुसरा बांधला, बिनचापटीचा. चार बटणांपैकी एकाला मी सुतळी गुंडाळली, एकाला खाच पाडली, एकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, एक तसंच ठेवलं. माझी वही मी रद्दीत घातली.

परीक्षेला डबा नेता येणार नव्हता, तिथे शिट्टीच असणार. त्यावर युक्ती अण्णांचीच. दर रविवारी मी डब्यात थोडा थोडा कापूस भरायचे. ठोका दर आठवड्याला दबत जायचा, शिट्टी तेवढीच राहायची. कान आपोआप शिट्टीकडे सरकायला लागला. एका रविवारी मी विचारलं, "आज किती घालू?" तर म्हणाले, "डबाच काढ." परीक्षेत त्यांनी तोंडी उत्तरं दिली आणि मोर्स एकही अक्षर न चुकता उतरवून सांगितलं. नंतर परवान्याच्या चौकशीला हवालदार आले. अण्णांकडे बघून मला हळूच म्हणाले, "यांना हे यंत्र कशाला हो?" अण्णांनी ऐकलंच. "कुणी बोलावलं तर ओ द्यायला," म्हणाले.

परवाना आला. आमच्या दोन माडांच्या मध्ये तार चढली. पहिल्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. अण्णांनी धुतलेला सदरा घातला. शिट्टीवर सगळं कळत होतं, तरी डबा शेजारी आणून ठेवायला लावला, कापूस काढून. डब्याच्या कडेवरून हात फिरवून घेतला आणि मोर्सच्या बटणावर हाक घातली. थोड्या वेळाने कोणीतरी उत्तर दिलं. कुठला तरी दूरचा माणूस. त्याने हवा सांगितली, आपलं नाव सांगितलं आणि विचारलं, तुमचं कसं काय?

अण्णांचा हात बटणावर तसाच थांबला. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द पाठवले होते त्यांनी. स्वतःचे काय पाठवायचे? मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मग त्यांनी वाजवलं. इंग्रजीत, आणि तारेतला शब्द वाचवायची जुनी सवय, म्हणून मोजकंच. डबा आणि अडकित्ता यांच्या नादाने तोवर माझाही कान तयार झाला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बटणाचा खटकट मी अक्षर अक्षर लावत गेले.

डोळे नाहीत. मुलगी आहे. भागतं.

त्यांनी हात काढला आणि माझ्या दिशेने मान वळवली.

"काय सांगितलंत हो त्याला?" मी विचारलं.

"काही विशेष नाही," अण्णा म्हणाले. "हवापाणी."

"बरं," मी म्हटलं.